पांढऱ्या घेवड्याला ठिपकेवाले दाणे!

प्रश्न: घरचंच पांढऱ्या घेवड्याचं बी लावलं, पण एका वेलाला जांभळ्या ठिपक्यांचे दाणे आलेत. फेकून देऊ का?

उत्तर: अहो, अजिबात फेकू नका! घेवड्याचं फूल बहुतेक वेळा उमलायच्या आतच स्वतःच्या परागावर फळतं, पण कधीतरी भुंगा दुसऱ्या जातीच्या घेवड्याचा पराग घेऊन घुसतो आणि क्रॉस, म्हणजे संकर होतो. तसा तो गेल्या हंगामात झाला असणार. पण दाण्याची रंगाची साल आईच्या वेलाची असते ना, म्हणून तेव्हा दाणा पांढराच दिसला, त्याचा वेल होऊन दाणे आले तेव्हा गुपित फुटलं. हे दाणे वेगळे ठेवा आणि पुढच्या हंगामात लावा, वेलागणिक रंग वेगळा निघेल, कदाचित एखादा वेल बुटकासुद्धा, म्हणून प्रत्येकाचं बी वेगळ्या पाकिटात, लेबल लावून. आवडेल ते निवडत गेलात की ६-७ पिढ्यांत बी बऱ्यापैकी स्थिर होतं, म्हणजे दरवेळी तसेच दाणे येतात. त्यातली पहिली शेंग सोलताना मला अजूनही धडधडतं!