लष्करी ट्रक निवृत्त झाल्यावर कुठे जातात, आणि लोक ते परत उभे कसे करतात?

तुमचा प्रश्न असा आहे: आजोबा सैन्यात शक्तिमान चालवायचे, असे ट्रक पुढे कुठे जातात, आणि इंग्लंडमध्ये लोक ते दुरुस्त करून हौसेने बाळगतात म्हणे, ते कसं.

बहुतेक भंगारात जातात. जे वाचतात, ते कुणाच्या तरी पोटापाण्याच्या कामाला लागले म्हणून वाचतात. मी इंग्लंडमध्ये राहतो, पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आणि शनिवार-रविवारी एका शेडमध्ये चार हौशी लोकांबरोबर एका एईसी मॅटाडोरवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या तोफ ओढणाऱ्या ब्रिटिश ट्रकवर, हात काळे करत असतो. त्यामुळे इथलं जास्त सांगेन, भारताचं शेवटी थोडंसं. (मॅटाडोर म्हटलं की आपल्याला बजाज टेम्पोची व्हॅन आठवते. तिचा याच्याशी काही संबंध नाही.)

दुसऱ्या महायुद्धात एईसी या कंपनीने लंडनच्या पश्चिमेला साउथॉलच्या कारखान्यात हे ट्रक बनवले, हजारोंनी. चारही चाकांना ताकद, चेसिसवर सात टन ओढणारी विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं यंत्र. मुख्य काम म्हणजे साडेपाच इंची तोफ मागे जोडायची, गोळे आणि तोफेची माणसं हौद्यात घ्यायची आणि चिखलातून निघायचं. इंजिन साडेसात लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल, ताकद ९५ हॉर्सपॉवर. आज एखाद्या साध्या कारला तेवढी असते. पण हे इंजिन पळण्यासाठी बनलेलंच नाही. ताशी ५५-६० किलोमीटर झाले की ते तुम्हाला ओरडून सांगतं, बास.

युद्धानंतर हेच ट्रक टिकले आणि बाकीचे कितीतरी मोडीत गेले, याचं कारण डिझेल. ब्रिटिश लष्कराचे त्या वेळचे बहुतेक ट्रक पेट्रोलवर चालणारे होते, आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग १९५० पर्यंत चालू होतं. पेट्रोल पिणारा लष्करी ट्रक फुकट मिळाला तरी पोसणार कोण? मॅटाडोरचं इंजिन मात्र एईसीच्या बसमधल्या इंजिनाचंच भावंड. म्हणजे जवळच्या बस डेपोत सुटे भाग मिळणार आणि इंजिन डोळे मिटून खोलून पुन्हा जोडणारा फिटरही मिळणार.

नॉटिंगहॅमजवळ रडिंग्टनला लष्कराचा मोठा डेपो होता. तिथे नको झालेल्या गाड्यांचे लिलाव युद्धानंतर कित्येक दशकं भरत होते. (आता तिथे तळं आणि फिरायला बाग आहे.) असल्या लिलावांतून गॅरेजवाले, लाकूडवाले, बस कंपन्या आणि जत्रेत पाळणे लावणारे लोक मॅटाडोर घेऊन जायचे. पाळणेवाले त्यावर जनरेटर बसवायचे, दिवसा ट्रकने पाळणे ओढायचे आणि रात्री त्याच ट्रकवर जत्रेचे दिवे लावायचे. लाकूडवाले मागे जिब, म्हणजे क्रेनसारखा लोखंडी हात, उभारून विंचेचा दोर तिच्यावरून घ्यायचे आणि जंगलातले ओंडके बाहेर काढायचे.

सगळ्यात जास्त कष्ट उपसले ते गॅरेजांकडच्या गाड्यांनी. हौदा कापायचा, मागे क्रेन बसवायची, की झाली ब्रेकडाऊन गाडी, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी. क्रेन कधी विकतची, कधी तिथल्याच वेल्डरने लोखंडी बीम जोडून केलेली. मागे भरलेली बस उचलली की पुढची चाकं हवेत जायची, म्हणून पुढच्या बंपरवर लोखंडाचा नाहीतर काँक्रीटचा भला मोठा ठोकळा. बस कंपन्यांनी तर आपल्याच बॉडी शॉपमध्ये नवीन केबिन चढवल्या, बसच्याच खिडक्या आणि बसच्याच काचा वापरून. अशी गाडी समोरून पाहिली तर ही कधी तोफ ओढत होती यावर विश्वास बसत नाही.

याहून अवजड गाड्यांची गोष्ट वेगळीच. रणगाडे वाहणारा अमेरिकन डायमंड टी ट्रक आणि त्याचं पावणेपंधरा लिटरचं हर्क्युलिस इंजिन युद्धानंतर पिकफोर्ड्ससारख्या कंपन्यांकडे अवजड वाहतुकीला लागलं. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या विन्स कंपनीने पॅसिफिक एम २६ घेतले. ही गाडी म्हणजे चिलखती केबिन आणि मागच्या चाकांना चेन ड्राइव्ह. विन्सने चिलखत काढून आपली केबिन बसवली, पेट्रोल इंजिन काढून डिझेल घातलं आणि वीज केंद्रांचे ट्रान्सफॉर्मर ओढले. त्या वजनाला तेव्हा दुसरं फारसं काही मिळतच नव्हतं.

आता दुरुस्ती. लोकांना वाटतं की इंजिन हा अवघड भाग. मॅटाडोरच्या बाबतीत खरा शत्रू आहे लाकूड. केबिनचा सांगाडा अॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा आणि वर पत्रा ठोकलेला. बाहेरून पत्रा ठणठणीत दिसतो, दार उघडायला गेलात की बिजागरीसकट खांब हातात येतो. आत नुसता भुसा. मग उरलेल्या तुकड्यांवरून साचे काढा, नवीन अॅश आणा, सुतारकाम करा. मेकॅनिक सापडतो, असलं काम करणारा सुतार सापडत नाही.

इंजिन फिरतंय का ते आधी हाताने बघतात. बरीच वर्षं उभ्या गाडीत फ्युएल पंपाची रॅक, म्हणजे इंजिनात किती डिझेल जाईल ते ठरवणारी पट्टी, गंजून अडकलेली असू शकते. तशीच सुरू केली आणि रॅक पूर्ण डिझेलवर अडकलेली असली, तर इंजिन पळत सुटतं आणि चावी बंद करून काही होत नाही, कारण डिझेलला स्पार्क नसतोच. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना आमच्यातला एक जण लाकडाची सपाट फळी घेऊन हवेच्या तोंडापाशी उभा राहतो. आवाज चढायला लागला की फळी दाबायची, हवा तुटली की इंजिन मरतं. फळी जाड हवी, ओढ जबरदस्त असते. हात किंवा फडकं कधीच लावायचं नाही.

दुसरी जपायची गोष्ट चाकं. ब्रिटिश लष्कराच्या अनेक जुन्या गाड्यांची रिम दोन तुकड्यांची असते, नटांनी जोडलेली. चाक गाडीला धरणारे नट वेगळे आणि रिमचे वेगळे. हवा भरलेली असताना रिमचे नट सोडले तर लोखंड तोफेच्या गोळ्यासारखं उडतं, माणसं मेली आहेत. म्हणून ते नट लाल रंगवायची पद्धत आहे. नव्याने रंगवलेली गाडी घेतलीत आणि सगळेच नट हिरवे दिसले, तर आधी विचारा कोणते कोणते ते.

गिअर बदलताना डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे एका बदलाला क्लच दोनदा दाबायचा. आपल्याकडच्या जुन्या टाटा-मर्सिडीजवर हात बसलेला कुणी ड्रायव्हर इथे आणला तर त्याला अर्ध्या तासात गाडी जमेल. इथल्या तरुण पोरांना महिने लागतात.

कागदपत्रांचा घोळ मजेशीर आहे. ब्रेकडाऊन गाड्या कित्येकदा गॅरेजच्या ट्रेड प्लेटवर फिरायच्या, पांढऱ्यावर लाल अक्षरं असलेली पाटी, आज या गाडीला तर उद्या त्या. त्यामुळे तीस-तीस वर्षं रस्त्यावर कष्ट केलेल्या गाडीच्या नावाने एकही नोंद नसते. मग चेसिस नंबरवरून जुन्या गाड्यांच्या क्लबकडून वयाचा दाखला घ्यायचा आणि डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नंबर मागायचा.

आणि शेवटी रंग, म्हणजे भांडण. आमचा मॅटाडोर क्रेन बसवलेली ब्रेकडाऊन गाडी आहे, आणि आमच्या शेडमध्ये यावरून दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो क्रेन काढा, हौदा बांधा, हिरवा रंग द्या, तोफ मिळाली तर मागे जोडा. मी दुसऱ्या पक्षात. ही गाडी सैन्यात चार-पाच वर्षं होती आणि त्यानंतर तीसेक वर्षं तिने एका गॅरेजसाठी बर्फातून लॉऱ्या ओढल्या. मग तिचं अस्सल रूप कोणतं? तोफेसकट मॅटाडोर प्रदर्शनांत भरपूर दिसतात, आणि त्यांतले बरेच असेच क्रेन कापून पुन्हा लष्करी रूपात नेलेले आहेत. गावच्या वेल्डरने केलेली क्रेन मात्र एकदा कापली की संपली.

आमच्या गाडीच्या दारावर पाण्याच्या पॉलिश पेपरने बशीएवढा भाग घासून बघितला. वर लाल, खाली पिवळा, पिवळ्यात ब्रशने काढलेल्या अक्षरांच्या कडा, त्याखाली हिरवा आणि सगळ्यांत तळाला तपकिरी. तपकिरी पाहून हिरव्या पक्षाची पंचाईत झाली. १९४२ ते १९४४ या काळात ब्रिटिश लष्कराच्या गाड्यांचा मूळ रंग तपकिरीच होता, हिरव्या रंगद्रव्याचा तुटवडा होता म्हणून. ऑलिव्ह हिरवा १९४४ मध्ये आला. म्हणजे अस्सल लष्करी म्हणून जो रंग द्यायचा हट्ट चाललाय, तो या गाडीला कारखान्यातून निघताना नव्हताच. भांडण अजून मिटलेलं नाही. तूर्तास दाराला रंगच नाही.

आता आजोबांची शक्तिमान. जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून बनायला लागली, १९९६ पर्यंत बनत होती. कंडम गाड्या लिलावात निघतात आणि घेणारे बहुतेक भंगारवाले असतात. त्यांना लोखंडाच्या वजनाशी मतलब. तुम्हाला चालती गाडी ठेवायची असेल तर दोन नियम बघा. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंदणी आहे, पण त्यात गाडी मूळ रूपात हवी आणि धंद्याला वापरता येत नाही. ट्रक त्यात बसतो का, हे पैसे देण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा. दुसरं म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याशिवाय कुणालाही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही, ट्रॅक्टरसुद्धा नाही. तेव्हा आजोबांना आवडेल तो हिरवा भारतात मिळणार नाही, दुसरा रंग ठरवून ठेवा. लिलावाचे मूळ कागद आणि चेसिस नंबरचा ठसा हातात आल्याशिवाय गाडी ओढून आणू नका, कारण नंतर ते कागद शोधणं हे इंजिन बांधण्यापेक्षा कठीण आहे.