फट बुजवा, झरोका राखा

प्रश्न : आमच्या वाड्यातल्या दोन खोल्यांच्या जुन्या सागवानी खिडक्या काढून गेल्या वर्षी स्लायडिंग बसवल्या. धूळ थांबली, रस्त्याचा आवाजही. पण या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी आली. गच्ची गळत नाही, पाइप नाही. मग ओल कुठून? (सदाशिव पेठ, पुणे)

ओल तुमच्या घरातलीच. आंघोळ, स्वयंपाक, श्वास आणि खोलीत वाळणारे कपडे मिळून चौघांचं घर दिवसाला काही लिटर पाणी हवेत सोडतं. एक किलो गॅस जळला, तर नुसत्या जळण्यातूनच दीड किलोच्या वर वाफ तयार होते. जुन्या खिडक्यांच्या फटींतून ही वाफ न विचारता निघून जायची. आता तिला वाट नाही, म्हणून ती घरातली सगळ्यात गार, वारा न लागणारी जागा शोधते. कपाटामागची भिंत ती हीच.

दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी फार तर निम्मी उघडते, हे विक्रेता सांगत नाही. दोन्ही झडपा सताड उघडणाऱ्या खिडकीच्या जागी तुम्ही अर्धी खिडकी घेतलीत. शिवाय खिडकीच्या वरची हवेची झडप (व्हेंटिलेटर) बहुधा काच लावून बंद केली असणार, सगळेच करतात. ती आधी मोकळी करा आणि जाळी लावा. गरम दमट हवा वर चढते, तिला बाहेर पडायची जागाही वरच हवी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. भिंत चुन्याच्या गिलाव्याची असेल आणि तिच्यावर प्लास्टिक पेंट मारला असेल, तर तो खरवडून चुन्याचा हात द्या. बुरशीवर नुसता नवा रंग मारलात, तर पुढच्या श्रावणात मला पुन्हा पत्र लिहाल.

प्रश्न : बाथरूमला एक्झॉस्ट फॅन बसवला. आवाज भरपूर, पण वाफ तशीच. वर नहाणीतून घाण वास येऊ लागला. फॅन बदलू का? (ठाणे)

फॅन बिचारा बरा आहे. तो हवा बाहेर टाकतो, पण तेवढीच आत यायला हवी ना! दार घट्ट, खिडकी बंद. मग तो जिथून मिळेल तिथून ओढतो. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जमिनीतल्या जाळीखाली साठून गटाराचा वास अडवणारं पाणी आटलं असेल तर थेट गटारातून. दार बंद करून टिश्यू पेपरचा तुकडा फॅनच्या जाळीला लावा. तो चिकटत नसेल, तर दाराखाली बोटभर फट काढून घ्या आणि पुन्हा लावून पाहा. ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं विसरू नका.

प्रश्न : थंडीत बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांतून बोचरा वारा येतो. आत गॅस गिझर आहे. पट्ट्यांवर ॲक्रिलिक शीट ठोकली तर चालेल का? (नाशिक)

नाही.

हिशेब बघा. सहा लिटरचा (मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा) गिझर पूर्ण आचेवर तासाला किलोभर गॅस जाळतो आणि तेवढ्याला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून साडेपाच घनमीटर हवा असते. पंधरा मिनिटांच्या आंघोळीत निम्म्याहून जास्त हवा ज्योतीने वापरलेली असेल. प्राणवायू कमी पडला की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या ओळखीचा गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो, पण तो न जळलेल्या गॅसला येतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूला धरतं. डोकं जड होतं, गुडघ्यातलं बळ जातं, आणि कडीपर्यंत हात पोचत नाही.

पट्ट्या आहेत तशा राहू द्या आणि गिझरच बाहेर, मोकळ्या जागेत हलवा. ते जमणार नसेल तर विजेचा घ्या. तोवर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मगच दार लावा.

प्रश्न : कूलर लावूनही अंग चिकचिकतं. उन्हाची झळ नको म्हणून खिडक्या गच्च बंद ठेवतो. (नागपूर)

तेच चुकतंय. कूलर खिडकीबाहेर बसवा आणि समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवा. कोंडलेल्या खोलीत तो तीच ओली हवा फिरवतो.

प्रश्न : गावच्या कौलारू घराला खालून पीव्हीसीचं छत करतोय. कौलांतून धूळ, पालापाचोळा पडतो. काही काळजी? (राजापूर)

छत जरूर करा, पण वरची पोकळी कोंडू नका. पूर्वी चुलीचा धूर वासे-रिपांमधून फिरून कौलांच्या फटींतून निघायचा आणि लाकूड सुकं राहायचं. आता चूल गेली. कौलांतून झिरपलेलं पाणी आणि घरातली वाफ छताच्या वर साठेल. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर झरोके ठेवा. वटवाघळं आणि उंदीर शिरू नयेत म्हणून त्यांना बारीक जाळी हवी. छताची एक पट्टी सुटी ठेवायला सुताराला सांगा. मे महिन्यात शिडी लावून आत टॉर्च मारा. वाशांवर मातीच्या बारीक रेषा चढताना दिसल्या, तर ती वाळवी आहे. पाऊस लागायच्या आत माणूस बोलवा.