टामियाची तीन-चार किट्स झाली आहेत, आता शॉर्ट-रन व्हल्टी व्हेन्जन्स जमेल का?

जमेल. टामिया या जपानी कंपनीचं प्लॅस्टिक मॉडेलचं किट नीट जोडता येत असेल तर हात तयार आहे; शॉर्ट-रन, म्हणजे छोट्या कंपनीने थोड्याच संख्येने काढलेलं किट, हा बाकी सवयीचा भाग. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे विचारलंय, ‘सूचनापत्रक पायरीपायरीने पाळलं तर मॉडेल अचूक होईल ना?’, त्यासाठी मी लिहायला बसलोय. नाही होणार. व्हेन्जन्सच्या बाबतीत तर यावर अजिबात विसंबू नका.

तुम्ही हे विमान का निवडलंत ते लिहिलं नाही, पण निवडलंत याचा आनंद झाला. हा व्हल्टी कंपनीचा अमेरिकन डाइव्ह बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान, १९४१ मध्ये पहिल्यांदा उडालेला. अमेरिकनांनी स्वतः तो लढाईत उतरवला नाही. तो लढला ब्रिटिशांकडून, ऑस्ट्रेलियनांकडून आणि आपल्याकडून. इंडियन एअर फोर्सच्या ७ आणि ८ नंबर स्क्वाड्रनकडे व्हेन्जन्स होती. ८ नंबर डिसेंबर १९४३ पासून बर्मातल्या आराकानच्या आघाडीवर होती, ७ नंबर १९४४ मध्ये सिलचरजवळच्या उधारबंदहून उडत होती, इंफाळची लढाई चालू असताना. १९७१ च्या युद्धात हवाईदलप्रमुख असलेले प्रतापचंद्र लाल त्या वेळी ७ नंबरमध्ये होते, त्यांचं डीएफसी हे शौर्यपदक त्याच युद्धातलं. आपल्याकडे मॉडेल करणारे बहुतेक जण स्पिटफायर आणि मिग-२१ च्या पुढे जातच नाहीत. का जात नाहीत हे मला खरंच कळत नाही.

आता मुद्दा. या विमानाचा पंख धडाला शून्य अंशात बसवलेला आहे. साधारण विमानात पंखाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा दोन-तीन अंश उचललेली असते, त्यामुळे धड आडवं असतानाही पंख उचल देतो. व्हेन्जन्सचं काम होतं नाक थेट जमिनीकडे करून सरळ खाली येणं. तसा सूर मारताना पंख उचल देत राहिला तर विमान रेषेवरून सरकतं, आणि पायलटला नाक दाबून धरावं लागतं. व्हल्टीच्या इंजिनियरांनी तो कोनच काढून टाकला. मग सूर अगदी उभा लागायचा. त्याचा तोटा आडव्या उड्डाणात दिसायचा: उचल मिळवण्यासाठी विमान नाक वर, शेपूट खाली असं चालायचं आणि पायलटला समोरचं धड दिसायचं नाही. म्हणजे शून्य अंश हा या विमानाचा बारीकसा तपशील नाही, सगळं विमान त्याच्याभोवती बांधलंय. मॉडेलमध्ये तेवढं चुकलं तर वरचं रंगकाम कितीही सुंदर असो, ते व्हेन्जन्स राहत नाही.

दुसरी गंमत पंखाच्या आकाराची. वरून पाहिलं तर तो इंग्रजी डब्ल्यूसारखा दिसतो. डिझाइन करताना गुरुत्वमध्याचा हिशेब चुकला आणि पंख मागे न्यावा लागला. सगळं मुळापासून नव्याने आखण्यापेक्षा मधला भाग मागे झुकवणं सोपं पडलं, तेच केलं. त्यामुळे तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत हा पंख कॉर्सेअर या लढाऊ विमानासारखा आधी खाली आणि मग वर गेल्यासारखा वाटतो. तो निव्वळ भास आहे. चढ फक्त बाहेरच्या भागाला आहे. फोटो बघून मधला भाग खाली वाकवून बसवलेली मॉडेल्स मी पाहिली आहेत.

माझं किट १/७२ मापाचं (मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाचं) होतं, कंपनीचं नाव घेत नाही. मूळ विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत ४८ फूट, म्हणजे मॉडेलमध्ये बरोबर ८ इंच. सगळं शॉर्ट-रनला साजेसं होतं: जाड गेट (भाग चौकटीला जोडणारे दांडे), सगळ्या कडांना फ्लॅश (साच्यातून बाहेर आलेलं जादा प्लॅस्टिक), जुळवायला पिना नाहीत, पंख धडाला नुसता टेकवून चिकटवायचा. त्याची तक्रार नाही. मऊ साच्यातून कमी दाबाने काढलेलं प्लॅस्टिक असंच येणार, आणि मोठ्या कंपन्या ज्या विमानाला हात लावत नाहीत ते कुणीतरी काढतंय हेच खूप आहे. घोळ दुसरीकडे होता. पंख जिथे बसतो तो मुळाचा उंचवटा धडाबरोबर साच्यातच आला होता, आणि त्याची पुढची कड वर होती.

डोळ्याला शंका आली, पण डोळ्यावर विसंबून कापायचं नसतं. धडाच्या दोन्ही बाजूंना आडव्या पॅनेललाइनला (पत्र्यांच्या सांध्याच्या रेघेला) समांतर अशी मास्किंग टेपची बारीक पट्टी लावली. मग पंखाच्या मुळाशी पुढची आणि मागची कड जोडणारी प्लॅस्टिक कार्डची सरळ पट्टी तात्पुरती चिकटवली. ती पट्टी आणि टेप समांतर असायला हव्या होत्या. मागे त्या बरोबर होत्या, पुढे दोन मिलिमीटरच्या आसपास फाकत होत्या. या मापात दोन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तीन अंश. पुन्हा स्केल ड्रॉइंगवर मोजलं, ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संग्रहातले बाजूने काढलेले फोटो काढून त्यांवर रेघा मारल्या. ड्रॉइंग आणि फोटो एकच सांगत होते, किट वेगळं सांगत होतं.

मग करवत घेतली. रेझर सॉने दोन्ही बाजूंचे उंचवटे धडापासून सपाट कापून काढले. बोहरी आळीतून आणलेली पितळी तार धडातून आरपार घातली, एक पुढे, एक मागे, आणि पंखाच्या मुळात तिच्यासाठी भोकं पाडली. भोकं मुद्दाम थोडी मोठी ठेवली, म्हणजे पंख तारेवर हलवून शून्यावर आणता येतो आणि मग फेव्हिक्विकचा थेंब सोडायचा. उरलेली खाच अर्ध्या मिलिमीटरच्या कार्डच्या पाचरींनी भरली. वरची गोलाई एम-सीलची, ओल्या बोटाने ओढून काढलेली, वाळल्यावर वॉटर पेपर. मॉडेलवाले एम-सीलला नाक मुरडतात, पण मोठ्या फटीला त्याच्यासारखं काही नाही. बारीक लांबीसाठी मात्र ते जाडंभरडं पडतं, तिथे टामियाची पुट्टी लावा. एक लक्षात ठेवा: पंख फिरला की त्यातून निघणारे चाकांचे पायही तेवढेच फिरतात. त्यांची भोकं बुजवून नवी पाडावी लागतात, नाहीतर विमान पुढे झुकल्यासारखं उभं राहतं.

हे मॉडेल पुण्यात एका प्रदर्शनाच्या स्पर्धेत ठेवलं. परीक्षक आमच्यातलेच ज्येष्ठ, वर्षानुवर्षं मॉडेल करणारे, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी वाकून बाजूने पाहिलं आणि म्हणाले, “पंख खाली पडलाय रे. रूटला कापाकापी कशाला केलीस? सरळ किटप्रमाणे लावला असतास तर बरोबर आला असता.” मी शून्य अंशाचं सांगितलं. ते म्हणाले, “असं कुठलंही विमान नसतं, पंखाला थोडा कोन असतोच.” मी फोटो पुढे केले. “फोटोत अँगल फसवतो.” अलाइनमेंटचे गुण कापले. शेजारच्या टेबलावर जे पहिलं आलं ते स्पिटफायर खरोखर देखणं होतं, त्याच्या रंगाबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही. पण त्याचा पंख बरोबर कोनात बसला होता कारण तो साचा बनवणाऱ्याने बसवला होता. माझा मी बसवला होता, आणि तोच चुकीचा ठरला.

नंतर काकांनी ग्रुपवर एक फोटो टाकला, ‘हे बघ, कोन दिसतोय.’ दिसत होताच. पण त्या विमानाच्या पंखात गन मोजा: प्रत्येक बाजूला तीन जाड नळ्या. ते ए-३५बी आहे, ब्रिटिश नावाने मार्क ४ (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती). मार्क १ ते ३ मध्ये पंखात दोन-दोन बारीक गन. आडव्या उड्डाणात समोर न दिसण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की मार्क ४ मध्ये पंख चार अंशांवर आणला, आणि त्याबरोबर उभा सूर मारण्यातली ती सफाई गेली. आपल्या ७ आणि ८ नंबरने बर्मात नेली ती पहिल्या तीन मार्कची विमानं, शून्य अंशाची. काका, हे वाचत असाल तर फोटो परत उघडा आणि गन मोजा. मला गुण परत नकोत. ते मॉडेल चूक होतं, एवढं तुमचं म्हणणं मागे घ्या.

म्हणून म्हणतो, पत्रकावर भरवसा ठेवू नका. शॉर्ट-रन किट बनवणारा एकाच साच्यातून तीन-चार मार्क काढतो, त्याला ते परवडायला हवं. पत्रक त्याने त्याच्या साच्याचं लिहिलेलं असतं. तुमचं विमान काय होतं ते तुम्हालाच शोधावं लागतं. किट उघडण्याआधी विमान वाचा. सगळ्यात मोठं पान म्हणजे सिडनीजवळच्या नॅरेलनच्या कॅम्डन म्युझियम ऑफ एव्हिएशनने जपलेलं, जगात पूर्ण उरलेलं एकमेव व्हेन्जन्स. त्याच्याभोवती फिरून काढलेले फोटो इंटरनेटवर सापडतात. पण मार्क बघून वापरा, काय म्हणतोय ते आता कळलं असेल.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांबद्दल. भाग स्प्रूवरून (ज्या चौकटीत ते येतात तिच्यावरून) कटरने तोडू नका, गेट इतके जाड असतात की भागाचा लचका निघतो. करवतीने कापा. पंखांच्या मागच्या कडा जाड येतात, दोन अर्धे जोडण्याआधी काचेवर वॉटर पेपर चिकटवून आतल्या बाजूने घासा. रेझिनचं कॉकपिट धडात मावणार नाही, कधीच मावत नाही. कॉकपिटच्या भिंती आणि धडाची आतली बाजू दोन्ही घासून पातळ करा, आणि दर दोन हातांनंतर धड मिटवून बघा. इंजिन राइट आर-२६००, सात-सात सिलिंडरच्या दोन रांगा. सिलिंडर सुटे दिले असतील तर आधी सगळे नुसते ठेवून बघा, मग चिकटवा, कारण एखादा जाड निघाला की शेवटच्याला जागा उरत नाही. व्हॅक्यूमने काढलेली कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) आतून क्लेने भरा आणि नवं ब्लेड हलकेच फिरवत कापा, एका दाबात कापायला गेलात की तडा जातो. चिकटवायला फेव्हिकॉल. फेव्हिक्विकच्या वाफेने काच पांढरी पडते. डाइव्ह ब्रेक (सूर मारताना वेग आवरणाऱ्या झडपा) पंखाच्या वर-खाली दोन्हीकडे असतात, जाळीसारखे. पितळी पत्र्यातले दिले असतील तर तेच लावा, प्लॅस्टिकचे फार जाड दिसतात.

रंगाबद्दल एकच. राउंडेलमध्ये, म्हणजे विमानावरच्या देशाच्या गोल खुणेत, लाल येता कामा नये. आग्नेय आशियाच्या आघाडीवर जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून लाल काढून गडद निळ्यात फिकट निळा एवढंच ठेवलं होतं. डेकल शीटवर (चिकटवायच्या खुणांच्या कागदावर) लाल असलेलं राउंडेल दिलं असेल तर ते दुसऱ्या आघाडीचं आहे, लावू नका.

दोन गोष्टी राहिल्या. रेझिन घासताना मास्क लावा आणि ओलं घासा, ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. घरात लहान मूल असेल तर गॅलरीत बसा. आणि लॅकर जुलै-ऑगस्टमध्ये मारू नका, दमट हवेत फिल्म दुधाळ होते. मी सप्टेंबर संपेपर्यंत थांबतो.

वरचं कापाकापीचं सगळं मार्क १ ते ३ साठी आहे. तुमच्या खोक्यात ए-३५ किंवा मार्क ४ असेल तर काकांचं बरोबर आहे, पंख किटप्रमाणेच उचललेला राहू द्या आणि करवत आत ठेवा. नव्या साच्यांच्या किटमध्ये हा घोळ असेलच असंही नाही, काहींनी तो बरोबर दिला असेल. त्यामुळे कापण्याआधी टेप आणि पट्टीने मोजाच. खोक्यावर कोणता मार्क लिहिलाय तो कळवा, आणि धडाच्या मुळाचा अगदी बाजूने काढलेला एक फोटो टाका. कापायचं की नाही ते त्यावरून सांगतो.