सोलापूरहून पाच दिवसांत गाडीने समुद्र, वाइनचे मळे आणि अभयारण्य एकाच सहलीत कसं बसवावं? नाशिक करून अलिबागला उतरावं का?

नाशिक सोडा. तिकडे गेलात तर पाचातले दोन दिवस नुसते हमरस्त्यावर जातील, आणि वाइनसाठी आपल्याला जिल्हा ओलांडायची गरजच नाही. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेली या वाइन कंपनीचे मळे आहेत, परदेशातून आणलेल्या कलमांतून उभे राहिलेले. तिथूनच सुरुवात करा. फक्त जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा.

निघा फेब्रुवारीत. ऑक्टोबर छाटणीचा माल तेव्हा काढणीला आलेला असतो. एप्रिलात खरड छाटणी झाली की नुसती खोडं आणि वेलींचे आडवे ओलांडे बघून परत यावं लागतं. वाइनच्या द्राक्षाचा मणी आपल्या खायच्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षापेक्षा बारीक, जाड सालीचा आणि बियांचा असतो. कुणी तोडू दिला तर चावून बघा, सालीचा तुरटपणा जिभेवर राहतो. रेड वाइनचा रंग सालीतूनच येतो, आणि तुरटपणा साल आणि बियांतून. त्या रात्री मुक्काम अकलूजलाच करा. चाखल्यावर गाडीला हात लावायचा नाही, घोटभर घेतली असली तरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे माळशिरस, फलटण, सातारा, उंब्रज, पाटण असं करत कोयनानगर गाठा, दुसरी रात्र तिथेच. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ दिसेल या आशेवर जाऊ नका. नान्नजच्या माळरानावर काळवीट बघणाऱ्या आपल्या डोळ्यांना इथलं गर्द रानच पुष्कळ आहे. शांत उभे राहिलात तर शेकरू दिसू शकतं. कुंभार्ली घाट मात्र दिवसाउजेडीच उतरा. चिपळूणहून गुहागर जवळ आहे, तिसरी रात्र तिथे.

गुहागरहून उत्तरेला जाताना खाडीला वळसा घालू नका. धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी चढवा, वाशिष्ठीच्या मुखावरून पलीकडे जाता येतं. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, कारण पुढचा सगळा दिवस त्यावर बेतायचा असतो. हर्णै, आंजर्ले, केळशी करत संध्याकाळच्या आत वेळासला पोचा.

या सहलीत एकच गोष्ट करता येणार असेल तर मी वेळास निवडेन. ऑलिव्ह रिडले कासवं इथल्या वाळूत अंडी घालतात, आणि २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन त्यांचं संवर्धन चालू आहे. कुंपणातल्या घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. सकाळ-संध्याकाळ त्या उचलतात आणि पिल्लं निघालेली असली तर वाळूत सोडतात. तळहातापेक्षा लहान ती पिल्लं लाटेने मागे ढकलली तरी पुन्हा पाण्याकडेच वळतात. रोज निघतीलच असं नाही, म्हणून निघण्याआधी गावात विचारा. राहायला गावातल्या घरांतच सोय होते. साधं जेवण असतं, आपली शेंगाचटणी सोबत असू द्या.

परतताना वेसवी-बागमांडला जेटी, मग माणगाव, ताम्हिणी घाट आणि पुण्याहून सोलापूर हायवे. हा दिवस फार लांबतो. सहावा दिवस काढता आला तर हरिहरेश्वरला थांबा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघा.