दगडावर आकडा आहे, नावं कुठायत?

वाचक विचारतात : गावोगावच्या युद्धस्मारकांबद्दल

प्रश्न : नमस्कार सर, आमचं गाव खेड तालुक्यात. जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच लिहिलंय. नाव एकाचंही नाही. आम्हा पोरांना ती नावं शोधायचीयत. सुरुवात कुठून करायची?

उत्तर : आधी शाब्बास, कारण हेच काम व्हायला पाहिजे आणि शंभर वर्षं कोणी केलेलं नाही. अशा पाट्या इंग्रज सरकारने युद्धानंतर बऱ्याच गावांत लावल्या, मजकूर जवळपास सगळीकडे तोच आणि मधे फक्त आकडा बदलायचा. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतून भरती भरपूर झाली होती त्यामुळे आपल्याकडे त्या अजून भेटतात, कुठे चावडीत, कुठे शाळेच्या भिंतीत, कुठे देवळाशेजारी.

जे मेले त्यांच्यापासून सुरुवात करा, कारण त्यांची नोंद आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणजे दोन्ही महायुद्धांत इंग्रजांच्या बाजूने मेलेल्यांच्या समाध्या आणि नोंदी सांभाळणारी संस्था, तिच्या वेबसाईटवर फुकट शोधता येतं, ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीत असताना मेलेले सगळे त्यांच्या हद्दीत येतात, दुसऱ्या महायुद्धाचे पण आहेत. आडनाव टाकून शोधू नका, काही हाती लागणार नाही, त्या काळच्या कारकुनाने आपली नावं कशीही लिहिलीयत. पलटण टाका. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्या कूतच्या वेढ्यात होत्या, १०५, ११४ आणि ११६ वेगळ्या, त्या वेढ्यात नव्हत्या. मग प्रत्येक नोंदीच्या खालची जादा माहिती उघडून वाचा, तिथे बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा मिळतो. एक लक्षात ठेवा की जिल्हे तेव्हाचे आहेत. मालवण-कुडाळची माणसं रत्नागिरीत सापडतील, सिंधुदुर्ग १९८१ ला झाला. वाळवा, तासगाव, खानापूरवाल्यांनी साताऱ्यात बघायचं आणि रायगडवाल्यांनी कुलाब्यात. आणि गावाच्या नावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघा.

दुसरी जागा म्हणजे तलाठी दप्तर. जुन्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यू असतात खरे पण हा माणूस परमुलखात मेला, तिथे त्याची नोंद बहुधा नसणार. फेरफार बघा. गाव नमुना सहा, १९१५ पासून १९२२ पर्यंतचे. खातेदार लढाईत मेला की मागाहून कधीतरी बायकोचं किंवा भावाचं नाव जमिनीला लागलंच असेल ना, त्या नोंदीत कारण पण लिहिलेलं असू शकतं. मोडी येणारा कोणीतरी बरोबर न्या. आणि १९१८ च्या नोंदी जपून वाचा, त्या वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने घरंच्या घरं गेली, तेव्हा त्या साली मेलेला प्रत्येक तरुण लढाईवरचा धरू नका.

जे परत आले त्यांची यादी कुठल्या वेबसाईटवर मिळणार नाही, ती घराघरातून काढावी लागते. ट्रंका उघडायला लावा. त्या युद्धातलं मेडल सापडलं तर त्याची कड, म्हणजे जाडीचा भाग, भिंगातून बघा, तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात ठोकलेली असते. एका मेडलवरून एक माणूस पक्का होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शोधताना फक्त आपल्या वाडीत फिरू नका, प्लीज. त्या आकड्यात सगळा गाव आहे. कोकणातून मराठे गेले तसे महार गेले, मुसलमान गेले, भंडारी गेले. महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती, मग युद्धात माणसं कमी पडायला लागल्यावर १९१७ ला १११ नंबरची महार पलटण उभी केली आणि १९२१ ला परत गुंडाळली. म्हणजे गरज होती तोवर घेतलं. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. तेव्हा बौद्धवाडीत जाऊन बसा, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि यादीत नावाच्या शेवटी 'नाक' दिसलं (महारांच्या नावाला तेव्हा ते लागायचं) तर ते नाव सोडू नका. पखालवाले, खेचरवाले, आचारी हे पण पलटणीबरोबर गेले आणि मेले. शिपाई नव्हते म्हणून त्यांना गाळायचं नाही. आकडा जुळला आणि त्यात एकाच वाडीची नावं आली तर समजा की शोध अर्धाच झालाय.

प्रश्न : युद्ध तर ११ नोव्हेंबर १९१८ ला संपलं मग पाटीवर १९१९ का? गावातले काही जण म्हणतात पाटी चुकीची आहे.

उत्तर : पाटी बरोबर आहे. १९१८ ला लढाई थांबली, व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला म्हणून कागदोपत्री युद्ध तिथपर्यंत धरतात. इंग्लंडमधल्या कितीतरी स्मारकांवर पण १९१९ च आहे. दुरुस्त वगैरे करायला जाऊ नका.

प्रश्न : आमच्या आजीच्या देवघरात (माहेर पाटण तालुका) बशीएवढी जड गोल तबकडी आहे. त्यावर हातात त्रिशूळासारखं काहीतरी घेतलेली बाई आणि पुढे सिंह. आजी तिला देवी म्हणूनच हळदीकुंकू वाहते, दसऱ्याला चिंचेने घासून लख्ख करते. परवा भाच्याने सांगितलं की कडेने इंग्रजी लिहिलंय. हे नक्की काय आहे?

उत्तर : ताई, पत्र वाचून अंगावर काटा आला. ती देवी नाही, ब्रिटानिया आहे, ब्रिटनचं प्रतीक. पहिल्या महायुद्धात जो मेला त्याच्या घरी सरकारकडून ही ब्राँझची तबकडी यायची, साधारण पावणेपाच इंच, सगळ्या साम्राज्यात मिळून तेरा लाखांहून जास्त वाटल्या. कडेने जे लिहिलंय त्याचा अर्थ 'स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी हा मेला'. बाईच्या हातात पानांचं कडं असतं, त्याच्या खाली एक चौकोनी पट्टी आहे बघा, त्यात उठावाने नाव असतं. हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, जनरल असो नाहीतर शिपाई, सगळ्यांना सारखंच.

म्हणजे तुमच्या आजीच्या माहेरचा कोणीतरी गेला आणि त्याच्या बदल्यात हे घरी आलं. इंग्रजी कोणाला येत नव्हतं, सिंह आणि त्रिशूळ दिसला, घरातल्या बायकांनी त्याला देव्हाऱ्यात बसवलं. मला यात काहीही चुकीचं वाटत नाही. हळदीकुंकू चालू द्या. फक्त चिंच बंद करा, आजच, कारण प्रत्येक घासण्याने ते नाव झिजतंय. कोरड्या मऊ फडक्याने पुसा बास. आणि रात्री दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च एका बाजूने अगदी आडवा धरा, समोरून नाही, मग झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि नाव वाचता येतं. तसाच फोटो काढून ठेवा. नाव कळलं की वर खेडच्या मित्राला सांगितलंय तसं शोधा, आणि आजी आहे तोवर तिला त्याच्याबद्दल जे काय आठवतंय ते रेकॉर्ड करा.

प्रश्न : पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत एवढंच घरात माहितीय. त्यांची समाधी असेल का? (वाचक, वाळवा)

उत्तर : समाधी मिळणं कठीण. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपली माणसं गोळीने मेली तशी उन्हाने, उपासमारीने आणि आजाराने पण मेली. कूतचा वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला, शेवटी शरणागती पत्करावी लागली आणि कैद झालेल्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यातले कित्येक वाटेत आणि रास अल ऐनच्या छावणीत गेले.

ज्यांची समाधी नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांहून जास्त लोकांचं. पण तिथे इंग्रज शिपायाचं नाव दगडावर कोरलंय आणि आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीखाली फक्त किती मेले तो आकडा. गावच्या पाटीवर आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच. हा अन्याय होता, २०२१ ला कमिशनने स्वतःच रिपोर्ट काढून तसं कबूल केलं आणि माफी मागितली. नावं मात्र रजिस्टरमध्ये आहेत आणि ती वेबसाईटवर येतात, त्यामुळे पणजोबांची नोंद बसरा मेमोरियलखाली सापडायची शक्यता चांगली आहे. तुम्ही जिल्हा सातारा टाकून बघा. दिल्लीच्या नवीन राष्ट्रीय युद्ध स्मारकात शोधू नका, २०१९ ला झालं ते स्वातंत्र्यानंतरच्या जवानांचं आहे.

घरात कोणी खलाशी असेल तर वेगळी जागा. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त दर्यावर्दींचं स्मारक आहे. कोकणातल्या वाचकांनी तिथे एकदा जाऊनच यावं, गर्दीच्या एरियात आहे आणि शेजारून रोज जाणाऱ्यांना पण माहीत नसतं.

प्रश्न : पाटी काळी पडलीय म्हणून ग्रामपंचायत ॲसिडने धुऊन अक्षरं ऑइल पेंटने रंगवणार आहे. शिवाय रस्ता रुंदीकरणात ती भिंतच पडणार आहे. काय करावं?

उत्तर : ॲसिड थांबवा. संगमरवर चुनखडीचाच भाऊबंद, ॲसिड टाकलं की फेस येतो तो मळाचा नाही, दगडच विरघळत असतो, आणि अक्षरं उथळ होतात ती कायमची. साधं पाणी, मऊ ब्रश, खालून वर हलक्या हाताने, एवढंच करा. थोडी काळी राहिली तर राहू दे. ऑइल पेंट पण नको, चार वर्षांत पोपडे निघतात आणि मग पुढचा माणूस ते पत्र्याने खरवडतो. आधीच रंग दिला असेल तर घरी काढू नका, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे, अशा लोकांना फोटो पाठवून विचारा.

भिंतीचं काम जास्त घाईचं आहे. जेसीबी यायच्या आधी ग्रामसभेत ठराव घ्या की पाटी गावची आहे आणि ती अमुक ठिकाणी बसवायची, ठरावाची कॉपी रस्त्याच्या कॉन्ट्रॅक्टरला आणि तहसीलदारांना द्या, मोजमापासकट फोटो काढा. पाटी काढताना कडेचा चुना छिन्नीने हळूहळू मोकळा करायचा, पहार घालून उचकटायची नाही. दरम्यान ती कोणाच्या घरी ठेवू नका, शाळेत ठेवा आणि सही घ्या.

प्रश्न : आम्ही गावात नवीन स्मारक बांधतोय. ग्रामसभेत वाद झालाय. काही म्हणतात फक्त सीमेवर शत्रूच्या गोळीने गेलेल्यांची नावं टाका, आजाराने किंवा गाडीच्या अपघातात गेला तो त्यात नको.

उत्तर : माझं मत स्पष्ट आहे, नोकरीत असताना जो गेला त्याचं नाव टाका. कमिशन सुद्धा महायुद्धातल्यांना असंच मोजतं, गोळी का ताप हे विचारत नाही. बर्फात ड्युटीवर गाडी दरीत गेली तर तिथे त्याला देशानेच पाठवलं होतं ना? त्याच्या आईसमोर ग्रामसभेत हा वाद घालणारे लोक बघितले की मला खरंच राग येतो.

हुद्द्याप्रमाणे नावं लावू नका, वर्षाप्रमाणे लावा. प्रत्येक नावाचं स्पेलिंग घरच्यांकडून लेखी घ्या आणि सर्व्हिसच्या कागदांशी ताडून बघा, अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे माजी सैनिक आणि वीरपत्नींची माहिती असते. ज्यांनी सेवा केली आणि सुखरूप आले त्यांच्यासाठी दुसरा दगड करा, पहिल्यात मिसळू नका. लष्करी नर्सिंगमध्ये गेलेल्या गावच्या मुली त्यात विसरू नका. देणगीदारांची नावं स्मारकाच्या दगडावर अजिबात नकोत, उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याचं पण मागच्या बाजूला आणि लहान. आणि खाली जागा मोकळी सोडा.

प्रश्न : मी नोकरीसाठी इटलीत मिलानला असतो, मूळचा माणगावचा. यशवंत घाडगेंचं इकडे काही आहे का?

उत्तर : आहे. माणगावात तहसील कचेरीजवळचा पुतळा तुम्ही लहानपणापासून बघितलाच असेल. नाईक यशवंत घाडगे, पळसगावचे, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले तेव्हा एकटेच मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली आणि शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. पेरुजाजवळ माँतोने गावात २०२३ ला त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलंय, इटलीच्या गावाने आपल्या माणसाची आठवण ठेवलीय ही साधी गोष्ट नाही. समाधी नाही, नाव कॅसिनो मेमोरियलवर आहे, तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं पॅनल शोधा.

जमलं तर फोर्लीला पण जा. तिथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्यासाठी वेगळं स्मारक आहे, आपली बरीच मंडळी त्यावर सापडतील. फोटो लांबून नको, नावं वाचता येतील असे जवळून एकेक पॅनल घ्या, घरी आल्यावर वेबसाईटवर त्या नावांची गावं बघा, आणि महाराष्ट्रातलं गाव निघालं तर तो फोटो थेट त्या ग्रामपंचायतीला पाठवा.