ऑनलाइन परीक्षा चालू असताना नेट गेलं तर सोडवलेली उत्तरं जातात का?

नाही, 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबून मागे टाकलेली उत्तरं सहसा जात नाहीत. धोका असतो तो त्या क्षणी स्क्रीनवर उघड्या असलेल्या एका उत्तराला. नेट चालू असताना बटण दाबलं की उत्तर सहसा सर्व्हरवर पोचतं, तुमच्या लॅपटॉपच्या भरवशावर राहत नाही. परीक्षेच्या हेल्पडेस्कवर मी फोन घेतलेत, आणि नेट जाण्यापेक्षा घाबरून 'सबमिट' दाबल्यानेच जास्त जणांचा पेपर हातचा गेलेला पाहिलाय. तेव्हा नेट गेलं की:

- सबमिटला हात लावू नका.
- मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. आदल्या दिवशीच एकदा जोडून ठेवलेला बरा, ऐनवेळी पासवर्ड आठवत नाही.
- त्याच लॅपटॉपवर, त्याच ब्राउझरमधून परत लॉगिन करा. दुसऱ्या मशीनवरून गेलात तर आधीचं लॉगिन चालू दिसतं आणि सिस्टम अडवू शकते.
- एरर आणि घड्याळ दोन्ही दिसतील असा पुरावा घ्या, लगेच हेल्पडेस्कला कळवा. दुसऱ्या दिवशी केलेली तक्रार पटवणं अवघड जातं.

मात्र कॅमेऱ्याची देखरेख असेल तर हॉटस्पॉटसाठी का होईना, फोन हातात घेणं कॉपी धरलं जाऊ शकतं; नियमांत मुभा आहे का ते आधीच बघून ठेवा. गेलेला वेळ परत मिळतो की नाही, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळं. मॉक टेस्टमध्ये मुद्दाम वायफाय बंद करा, दोन मिनिटांनी परत या आणि टायमर कुठे आहे ते पाहा.