पीएचडीला इंग्लंडला यायचं तर आधी लॅटिन

तू विचारलं आहेस, मुंबई विद्यापीठातून इतिहासात एमए झालंय, युरोपच्या मध्ययुगावर पीएचडी करायची आहे, तर ठाण्यातली बँकेची नोकरी सोडून यंदाच इंग्लंड गाठावं का. मी नौपाड्यातलीच, आता लीड्समध्ये हेच काम करते. माझं मत विचारशील तर यंदा नको. आधी लॅटिन शीक, नोकरी सांभाळून.

इथे या विषयातला माणूस लॅटिन हस्तलिखित वाचता येतं का, यावर जोखला जातो. चर्मपत्र महाग, म्हणून लेखनिक शब्द आखडून लिहीत. 'पी'च्या दांड्याला आडवी रेघ दिसली की 'पेर' वाचायचं. आय, एम, एन, यू ही अक्षरं म्हणजे नुसते उभे फटकारे. 'मिनिमम' शब्दात असे पंधरा फटकारे ओळीने येतात, कुठलं अक्षर कुठे संपलं ते अर्थावरून लावायचं. तुला मोडी येते म्हणतेस, तर डोळ्यांना ही सवय आहेच. मोठं भांडवल आहे ते. एमएच्या मुलांना इथे लॅटिन पहिल्यापासून शिकवतात, पण पीएचडीच्या शिष्यवृत्तीसाठी गाठ पडते ती लॅटिन आधीच पक्कं असलेल्यांशी.

विषयासाठी फार लांब जाऊ नकोस. 1321 मध्ये आपल्या ठाण्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचे चार साधू मारले गेले. जॉर्डानस या डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती संघाच्या साधूने त्यांना सोपाऱ्यात पुरलं आणि पुढे ओदोरिको हा फ्रान्सिस्कन प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेला. दोघांचेही वृत्तांत लॅटिनमध्ये आहेत. हेच गाव शिलाहारांच्या ताम्रपटांत श्रीस्थानक म्हणून येतं. ते वृत्तांत आणि हे ताम्रपट शेजारी ठेवून वाचणारं कुणी हवंय, आणि तुला तर खाडी, वसई, सोपारा पायाखालचे आहेत! मला हा विषय मनापासून पटतो.

आता पैसा. कर्ज काढून पीएचडीला येऊ नकोस, हे मी कुणालाही सांगते. सरकारी संशोधन परिषदेचं विद्यावेतन 2025-26 साठी वर्षाला 20,780 पौंड होतं. 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही ते मिळू शकतं, पण त्यांच्यासाठी 30 टक्क्यांपर्यंतच जागा. परदेशी विद्यार्थ्यांची फी इथल्यांपेक्षा जास्त असते, तो फरक विद्यापीठ माफ करतं का, हे अर्जाआधीच लेखी विचार. इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वर्षाला 776 पौंड, आणि सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या अर्जासोबत एकदम भरावा लागतो. विद्यावेतन मंजूर झालं तरी ही रक्कम आधी हातात लागते.

पीएचडीनंतर तीन वर्षं राहून काम शोधता येतं. पण कायम नोकऱ्या अगदी मोजक्या. बहुतेकांना नऊ-दहा महिन्यांची कंत्राटं मिळतात, दर वेळी नवं शहर. आईबाबांना हे आत्ताच सांगून ठेव.

दर जुलैत लीड्सला मध्ययुगाची मोठी परिषद भरते. तिचा कार्यक्रम चाळ, कोण कशावर काम करतंय ते कळेल आणि मार्गदर्शक निवडता येईल. मार्गदर्शकाला आपल्या विषयाचं एका पानाचं टिपण पाठवायचं असतं. ते लिहून झालं की आधी मला पाठव, मी वाचून सुचवते.